घराचा हप्ता आणि वसतिगृहाचे शुल्क : दोन्ही कसे सांभाळावे?

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात आणि वसई परिसरातील अनेक घरांत आनंद व काळजी एकाच दिवशी उंबरठा ओलांडून येतात. कुणाच्या मुलीला पुण्यात अभियांत्रिकीला, कुणाच्या मुलाला नागपुरात वा कोल्हापुरात औषधनिर्माणशास्त्राला प्रवेश मिळालेला असतो. शेजारीपाजारी अभिनंदन करून जातात, पेढे वाटले जातात. रात्री जेवणे आटोपल्यावर मात्र आईवडील वही-पेन घेऊन बसतात. घराच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून वळता होतोच. आता त्यात वसतिगृहाचे शुल्क, खाणावळ, अनामत रक्कम आणि जाण्यायेण्याचा खर्च यांची भर पडणार असते. या वहीतील बेरीज जुळेनाशी झाली की काही घरांत मुलाच्या शिक्षणाला मुरड घातली जाते, काही घरांत हप्ता थकतो, तर काही घरांत महागड्या व्याजाचे वैयक्तिक कर्ज गुपचूप काढले जाते. या तिन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत, असे आम्हांस वाटते. म्हणूनच या विषयाचा आज थोडा सविस्तर विचार करू या.

हा प्रश्न आपल्याकडे नवा का आहे?

दोन पिढ्यांपूर्वी वसईतील बहुतेक कुटुंबांना घरासाठी बँकेचे कर्ज ठाऊक नव्हते. वाडी होती, वडिलोपार्जित जागा होती. घर वाढवायचे झाले तर थोडे सोने, थोडी उसनवारी आणि भावाबहिणींचे श्रम यांवर निभावत असे. आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ साली वसईत सुरू झाली, म्हणजे कर्ज आणि परतफेड यांची शिस्त आपल्या समाजाला अपरिचित नाही. परंतु वीस-वीस वर्षांचे गृहकर्ज हा सर्वसामान्य नोकरदार कुटुंबाच्या जीवनाचा भाग झाला तो अलीकडच्या काळात. नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार येथे सदनिका वाढल्या आणि त्यांच्याबरोबर हप्तेही आले.

शिक्षणाचेही तसेच. पूर्वी महाविद्यालय म्हटले की वसई किंवा मुंबई. सकाळची गाडी पकडून, विद्यार्थी सवलतीच्या पासावर, मुले दादर-चर्चगेटपर्यंत जात-येत. वसई रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे ५२ किलोमीटरचे. प्रवासात जीव मेटाकुटीस येई, पण रात्री मूल घरी जेवायला असे. आता प्रवेश राज्यस्तरीय सामाईक परीक्षेच्या गुणांवर ठरतो. जिथे जागा मिळेल तिथे जावे लागते. घर वसईत आणि महाविद्यालय दीडशे किंवा आठशे किलोमीटरवर, अशी परिस्थिती झाल्यामुळे एकाच पगारातून दोन छपरांचा खर्च भागवणे भाग पडते.

यात काळाचा योगायोगही आहे. साधारण तिशीत-पस्तिशीत घर घेतले जाते आणि मूल अठरा वर्षांचे होते तेव्हा कर्जाची आठ-दहा वर्षे उलटलेली असतात. त्या टप्प्यावर आपण बरेच कर्ज फेडले, असे कुटुंबाला वाटत असते. वस्तुस्थिती निराळी असते.

एका कुटुंबाचा हिशोब

एक उदाहरण घेऊ. हे कुटुंब काल्पनिक आहे, पण त्याचे आकडे अनेकांना ओळखीचे वाटतील. वडील वसईतील एका कारखान्यात नोकरी करतात, आई खाजगी शाळेत शिकवते. दोघांचे मिळून हाती येणारे मासिक उत्पन्न ६०,००० रुपये. आठ वर्षांपूर्वी त्यांनी ३० लाखांचे गृहकर्ज २० वर्षांच्या मुदतीने घेतले. व्याजदर ८.५ टक्के धरला तर हप्ता येतो २६,०३५ रुपये. (व्याजदर प्रत्यक्षात बदलत असतो, समजण्याच्या सोयीसाठी आपण तो स्थिर मानला आहे.)

आठ वर्षांत या कुटुंबाने सुमारे २५ लाख रुपये बँकेत भरले. तरीही शिल्लक मुद्दल आहे साधारण २३ लाख ४५ हजार. म्हणजे मूळ कर्जातून जेमतेम साडेसहा लाख कमी झाले, उरलेली रक्कम व्याजात गेली. यात बँकेने काही लबाडी केलेली नसते. दीर्घ मुदतीच्या कर्जात सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा वाटा व्याजाकडे जातो आणि मुद्दल उत्तरार्धात झपाट्याने उतरते, हा त्या गणिताचा नियमच आहे. मात्र तो ठाऊक नसल्यामुळे कर्ज आता संपतच आले अशा समजुतीने पुढचे बेत आखले जातात.

या घरात किराणा, वीज, सोसायटीची देखभाल, विमा आणि धाकट्या मुलाची शाळा यांवर २५,००० रुपये खर्च होतात. हप्ता वजा जाता हाती उरतात सुमारे ९,००० रुपये. थोरल्या मुलीला पुण्यात प्रवेश मिळाला. वसतिगृह व खाणावळ मिळून वर्षाला १,२०,००० रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी १०,०००. शिवाय प्रवास, पुस्तके व किरकोळ खर्च २,०००. एकूण १२,०००. तूट महिन्याला ३,००० रुपयांची.

तीन हजार ही रक्कम फार मोठी वाटत नाही, आणि धोका नेमका इथेच आहे. "कसेतरी भागवू" असे म्हणून कुटुंब पुढे जाते. पण वसतिगृहाचे शुल्क महिन्याला भरायचे नसते. ते वर्षाच्या वा सहामाहीच्या आरंभी एकरकमी मागितले जाते, त्यात अनामत रकमेची भर पडते, गादी-बादलीपासून सारे काही नवे घ्यावे लागते. जुलै महिन्यात एकदम ७०-८० हजार उभे करावे लागतात. मग क्रेडिट कार्ड पुढे येते, मोबाईलवरून मिळणारे झटपट कर्ज येते आणि त्यांचे व्याज गृहकर्जाच्या दुपटीहून, कधी चौपटीहूनही अधिक असते. तीन हजारांची तूट अशा रीतीने वर्षभरात न आवरणारी होऊन बसते.

दोन खर्चांचा स्वभाव वेगळा आहे

या कोंडीतून मार्ग काढण्यासाठी एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. घराचे कर्ज लांब आहे, पण त्याची मुदत वाकवता येते. वसतिगृहाचा खर्च आखूड आहे, तीन-चार वर्षांत तो संपतो, पण तो पुढे ढकलता येत नाही. लांब कर्ज लांबच चालू द्यावे आणि आखूड खर्चाचा काही भाग त्याच्यासाठीच निर्माण झालेल्या शैक्षणिक कर्जावर ठेवावा, हे सर्वसाधारण सूत्र आम्हांस योग्य वाटते. घराचा हप्ता मोडू नये आणि मुलाचा प्रवेशही सोडू नये. वाकवायचे काय व किती, एवढेच ठरवावे.

हप्ता मोडू नये असे आम्ही आग्रहाने का म्हणतो? सलग ९० दिवस थकबाकी राहिली की बँक त्या कर्जाची गणना अनुत्पादक कर्जांत करते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँक ६० दिवसांची नोटीस देऊन तारण घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते, आणि त्यासाठी तिला आधी न्यायालयात दावा लावावा लागत नाही. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. थकलेल्या हप्त्यांची नोंद पतमाहिती अहवालात राहते. त्याच घरातील मुलाला पुढे शैक्षणिक कर्ज हवे असते तेव्हा आईवडीलच सहकर्जदार असतात. त्यांची पत बिघडलेली असेल तर ते दारही बंद होते. तात्पर्य, वसतिगृहाचे पैसे भरण्यासाठी हप्ता चुकवणे म्हणजे मुलाच्या शिक्षणाचाच एक आधार काढून घेणे होय.

गृहकर्जात काय करता येते?

सर्वप्रथम बँकेकडून कर्जाचा ताजा उतारा मागवावा आणि त्यात तीन गोष्टी पाहाव्यात : आजचा व्याजदर, शिल्लक मुद्दल आणि उरलेली मुदत. तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. त्या वेळी अनेक बँकांनी हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली. कर्जदाराला वाटत राहिले की कर्ज ठरलेल्या वर्षी संपेल. प्रत्यक्षात शेवटचा हप्ता कित्येक वर्षे पुढे सरकला होता. पुढे २०२५ या वर्षात रेपो दर टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांपर्यंत खाली आला, तेव्हाही पुष्कळ बँकांनी हप्ता कायम ठेवून मुदतच कमी केली.

इथे कर्जदाराला एक हक्क आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिलेल्या निर्देशांनुसार, दर बदलल्यावर त्याचा हप्त्यावर व मुदतीवर काय परिणाम होतो हे बँकेने कर्जदाराला कळवले पाहिजे. दर वाढल्यास हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही थोडे थोडे करावे, याची निवड त्याला दिली पाहिजे. तसेच दर उतरल्यावर मुदतीऐवजी हप्ता कमी करावा, अशी विनंती कर्जदार लेखी अर्जाने करू शकतो. आपल्या उदाहरणातील कुटुंबाचा दर एक टक्क्याने उतरला आणि उरलेली १२ वर्षांची मुदत कायम ठेवली, तर हप्ता २६,०३५ वरून सुमारे २४,७४५ वर येतो. महिन्याला जवळजवळ १,३०० रुपये मोकळे होतात आणि कर्ज मूळ ठरलेल्या वेळीच संपते. मुलांच्या शिक्षणाच्या वर्षांत ही निवड विचारात घेण्याजोगी आहे.

दुसरा मार्ग मुदत वाढवून घेण्याचा. त्याची किंमत मात्र नीट समजून घ्यावी. आपल्या उदाहरणात उरलेली १२ वर्षांची मुदत १७ वर्षे केली, तर हप्ता २१,७६८ रुपयांवर येतो. महिन्याला सुमारे ४,२६७ रुपयांचा दिलासा मिळतो. परंतु तो हप्ता शेवटपर्यंत तसाच ठेवला तर एकूण ६ लाख ९० हजारांच्या आसपास जास्तीचे व्याज भरावे लागते. चार वर्षांत मिळालेला दिलासा असतो केवळ दोन लाखांचा! याउलट, मुलीचे शिक्षण संपताच पाचव्या वर्षापासून हप्ता पुन्हा २६,०३५ वर नेला, तर कर्ज मूळ मुदतीपेक्षा साधारण २० महिने उशिरा संपते आणि जास्तीचे व्याज सुमारे ३ लाख ८ हजारांवर थांबते. म्हणून मुदत वाढवायचीच झाली तर ती तात्पुरती असावी. हप्ता पूर्ववत करण्याची तारीख त्याच दिवशी घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. निवृत्तीचे वय आणि कर्ज संपण्याचे वर्ष हेही ताडून पाहावे. निवृत्तीनंतर हप्ते उरतील अशी मुदतवाढ शक्यतो घेऊ नये.

तिसरी बाब मुदतपूर्व परतफेडीची. बदलत्या दराच्या व्यक्तिगत गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बँकांना मनाई केली. त्यामुळे बोनस मिळाला की तो कर्जात भरावा, अशी चांगली सवय अनेकांना लागली आहे. पण मूल बारावीच्या उंबरठ्यावर असेल तर ही सवय चार वर्षे थांबवावी. कर्जात भरलेला पैसा गरजेच्या वेळी सहज परत मिळत नाही. तोच पैसा मुदत ठेवीत असेल तर जुलैमधले शुल्क त्यातून भरता येते. शिक्षण संपले की परतफेडीकडे पुन्हा वळता येईल.

वसतिगृहासाठी शैक्षणिक कर्ज

शैक्षणिक कर्ज केवळ महाविद्यालयाच्या शुल्कासाठी मिळते, असा एक गैरसमज आहे. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत वसतिगृह शुल्काचाही समावेश आहे. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला साधारणतः स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. पालक सहकर्जदार असतात. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते आणि तोपर्यंत साधे व्याज आकारले जाते. ते व्याज शिक्षण चालू असतानाच भरत गेल्यास काही बँका दरात थोडी सवलतही देतात. महाविद्यालयाबाहेरच्या निवासाचा खर्च किती धरतात, याबाबत बँकांचे नियम वेगवेगळे असल्याने अर्ज करतानाच ते विचारून घ्यावे.

आपल्या कुटुंबाकडे परत येऊ. त्यांनी वर्षाच्या १,२०,००० पैकी निम्मी रक्कम, म्हणजे ६०,००० रुपये, शैक्षणिक कर्जातून भरायचे ठरवले. चार वर्षांत कर्ज होईल २ लाख ४० हजार. व्याजदर १० टक्के धरला तर पहिल्या वर्षी महिना ५०० रुपये, दुसऱ्या वर्षी १,०००, तिसऱ्या वर्षी १,५०० आणि चौथ्या वर्षी २,००० रुपये व्याज भरावे लागेल. आता पहिल्या वर्षाचा हिशोब असा : निम्मा वसतिगृह-खर्च ५,०००, प्रवास व पुस्तके २,०००, व्याज ५००; एकूण ७,५००. हाती असलेल्या ९,००० मधून दरमहा दीड हजार शिल्लक राहतात. चौथ्या वर्षी एकूण बरोबर ९,००० होतात. घराच्या हप्त्याला हात लावावा लागत नाही, क्रेडिट कार्डाची गरज पडत नाही आणि जुलैची मोठी रक्कम बँक थेट संस्थेला पाठवते. मुलगी नोकरीला लागल्यावर पाच वर्षांत फेड करायची म्हटली तर तिचा हप्ता सुमारे ५,१०० रुपयांचा राहील. पहिल्या पगारावर हा बोजा पडतो हे खरे, पण तो पेलण्याजोगा आहे.

पूर्ण रकमेचे कर्ज का काढले नाही, असे कुणी विचारील. चार लाख ऐंशी हजारांचे कर्ज काढले असते तर आईवडिलांवर आज ताण आला नसता, पण शेवटच्या वर्षी महिना ४,००० रुपये व्याज आणि पुढे मुलीच्या माथी १०,२०० रुपयांचा हप्ता आला असता. जितकी तूट तितकेच कर्ज, हा नियम इथेही पाळावा.

कराच्या बाबतीत एक खुलासा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते आणि तिला कमाल मर्यादा नाही. राहत्या घराच्या कर्जावरील व्याजालाही वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. पण या दोन्ही सवलती जुन्या करप्रणालीत आहेत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, जुनी हवी असल्यास ती निवडावी लागते. दोन्ही पद्धतींनी कर मोजून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. वसतिगृहाच्या शुल्कावर मात्र थेट वजावट मिळत नाही.

शासकीय योजना आणि त्यांच्या मर्यादा

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले आहे. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा, ही त्यातील महत्त्वाची अट. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला हा लाभ नाही. अनेक पालकांना यामुळे मोठा आधार मिळाला. परंतु वसतिगृह आणि खाणावळ या माफीत येत नाहीत. त्यामुळे शुल्क माफ झालेल्या मुलीच्या बाबतीतही राहण्याजेवण्याचा खर्च हाच सर्वांत मोठा खर्च उरतो.

त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांचा तिच्यात विशेष विचार केला आहे. आपल्या पश्चिम पट्ट्यात थोडी वाडी असलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांनी अल्पभूधारक असल्याचा दाखला तहसील कार्यालयातून वेळेत काढून ठेवावा. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावा लागतो. मात्र असे भत्ते वर्षाच्या अखेरीस, कधी त्याहूनही उशिरा हाती पडतात. म्हणून जुलैच्या शुल्कासाठी त्यांवर विसंबू नये. मिळाल्यावर ती रक्कम शैक्षणिक कर्जात किंवा पुढील वर्षाच्या शुल्कासाठी बाजूला ठेवावी.

केंद्र शासनाची पीएम-विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना तीत तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असून दुसऱ्या शासकीय शिष्यवृत्तीचा वा व्याजसवलतीचा लाभ नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याजसवलतही मिळते. आपले महाविद्यालय यादीत आहे की नाही, हे प्रवेशाचा पर्याय भरण्याआधीच पाहणे शहाणपणाचे.

जागा घेताना

महाविद्यालयाचे स्वतःचे वसतिगृह, विशेषतः शासकीय संस्थेतील, बाहेरच्या जागेपेक्षा बहुधा पुष्कळ स्वस्त असते. त्याचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच करावा. धर्मसंघांची व सामाजिक संस्थांची वसतिगृहेही अनेक शहरांत आहेत. त्यांच्या जागा लवकर भरतात, म्हणून निकालाची वाट न पाहता चौकशी करावी.

बाहेर खोली घ्यावी लागली तर खाटेप्रमाणे दर, त्यात जेवण आहे की नाही, वीजबिल वेगळे का, आणि अनामत रक्कम कोणत्या अटीवर परत मिळेल, हे लेखी घ्यावे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असणे व त्याची नोंदणी होणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. काही खाजगी वसतिगृहे शुल्कावर वस्तू व सेवा कर मागतात. जुलै २०२४ पासून, दरमहा माणशी २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि किमान सलग ९० दिवसांच्या निवासाला हा कर माफ आहे. बिलात तो दिसल्यास नम्रपणे, पण ठामपणे विचारणा करावी.

धाकट्याचे वर्ष विसरू नये

आपल्या उदाहरणातील मुलगा आज नववीत आहे. बहीण शेवटच्या वर्षाला असेल तेव्हा तो बारावीत असेल. म्हणजे बहिणीचे शिक्षण संपते न संपते तोच दुसरे वसतिगृह सुरू होऊ शकते. पुष्कळ कुटुंबे थोरल्यासाठी सारी शिल्लक संपवतात आणि धाकट्याला "तू इथेच काहीतरी कर" असे सांगण्याची पाळी येते. यात धाकट्याचा काही दोष नसतो. तो केवळ नंतर जन्मलेला असतो. हे टाळण्यासाठी एका कागदावर पुढील दहा वर्षे एकाखाली एक लिहावीत. प्रत्येक वर्षासमोर गृहकर्जाचा हप्ता, थोरल्याचा खर्च, धाकट्याचा खर्च, विम्याचा हप्ता आणि आईवडिलांचे वय लिहावे. ज्या वर्षी बेरीज उत्पन्नाबाहेर जाते ते वर्ष तीन-चार वर्षे आधीच दिसते, आणि आधी दिसलेली अडचण निम्मी सुटलेली असते.

या कागदावर तीन महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च भागेल इतकी रक्कम वेगळी राखून ठेवण्याची नोंदही हवी. त्या रकमेला वसतिगृहासाठी हात लावू नये. भविष्य निर्वाह निधीतून मुलांच्या उच्च शिक्षणासाठी पैसे काढता येतात, पण तो म्हातारपणाचा आधार आहे. इतर मार्ग संपल्यावरच तिकडे वळावे.

मुलांनाही वहीजवळ बसवावे

शेवटी एक गोष्ट आकड्यांच्या पलीकडची. मुलांना काळजी नको, म्हणून आईवडील खर्चाची बाब त्यांच्यापासून लपवतात. हेतू प्रेमाचाच असतो, पण परिणाम चांगला होत नाही. घरात काय चालले आहे हे ठाऊक नसलेले मूल मित्रांच्या बरोबरीने खर्च करत राहते आणि एके दिवशी सत्य कळले की स्वतःला अपराधी मानू लागते. अठरा वर्षांच्या मुलामुलीला घराचा हप्ता किती, शिल्लक किती आणि वसतिगृहाला किती देता येईल, हे शांतपणे सांगावे. "तुझ्यासाठी आम्ही एवढे सोसतो" अशा सुरात ते सांगू नये. घरातील एक समंजस सदस्य म्हणून विश्वासात घेतल्यास मुले स्वतःहून काटकसरीचे मार्ग शोधतात. शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत भरतात, दोघांऐवजी तिघांच्या खोलीत राहतात, सुट्टीत एखादे काम पत्करतात.

आणि आईवडिलांनीही एकमेकांपासून काही लपवू नये. गुपचूप काढलेले कर्ज व्याजापेक्षा अविश्वासानेच घराला जास्त पोखरते. हप्ता भरणे कठीण जाणार असे दिसताच, तो चुकण्यापूर्वी, दोघांनी मिळून बँकेत जावे. वेळेवर येऊन स्पष्ट बोलणाऱ्या कर्जदाराला मार्ग काढून देणे बँकेच्याही हिताचे असते.

घर आपण मुलांसाठी बांधतो आणि मुलांना शिकवतो ती पुढे त्यांचे स्वतःचे घर उभे राहावे म्हणून. या दोहोंत खरे पाहता भांडण नाही. भांडण आहे ते चार-पाच वर्षांच्या तारखांचे. त्या तारखा वेळीच कागदावर आणल्या, तर पाच तारखेचा हप्ताही जाईल आणि जुलैमध्ये मुलीची पेटीही पुण्याच्या गाडीत चढेल. यंदा ज्यांच्या घरी दहावी-बारावीचे विद्यार्थी आहेत, त्यांनी निकालाची वाट न पाहता याच आठवड्यात कर्जाचा उतारा मागवावा आणि सर्वांनी मिळून एक संध्याकाळ या हिशोबाला द्यावी, एवढीच आमची विनंती.